डिमेन्शियाच्या माणसासाठी ध्येय ठरवायचं म्हणजे नक्की काय करायचं?

वाडीतल्या एका काकींच्या आईला गेल्या महिन्यात डिमेन्शियाचं निदान झालं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि सांगितलं की घरातल्या सगळ्यांनी एकदा बसून पुढच्या तीन महिन्यांसाठी एकदोन ध्येयं ठरवा, तब्येतीची, रोजच्या जगण्याची, आणि मग परत या. काकी रिक्षातून उतरल्या त्या घरी न जाता सरळ आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, आल्या आणि म्हणाल्या, "आजार बरो होवचो नाय म्हणतत, मगे ध्येय कसला गो ठेवूचा?"

मला विचारलं कारण आमच्या घरात चार वर्षं हेच चाललंय. माझे सासरे, आम्ही अण्णा म्हणतो, एसटीत ड्रायव्हर होते, कसाल-मालवण रस्त्यावर किती हजार फेऱ्या मारल्या असतील देव जाणे. आता सकाळी काय खाल्लं ते त्यांना दुपारी सांगता येत नाही. काकींना मी त्या दिवशी चहा करता करता जे सुचलं ते सांगितलं पण ते अर्धवट होतं, म्हणून नीट लिहून काढतेय, कारण अशी घरं आपल्याकडे भरपूर आहेत, मुलं मुंबईला आणि गावात दोन म्हातारी माणसं, त्यातलं एक दुसऱ्याला सांभाळतंय. लासी-डॅड नावाची देशव्यापी पाहणी झाली त्यात साठीच्या पुढच्या माणसांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के निघालं, म्हणजे देशात जवळपास ८८ लाख माणसं. त्यातले कितीतरी जण "वय झालंय, विसरतात" एवढ्यावरच घरात बसून आहेत.

आधी आजाराबद्दल थोडक्यात. डिमेन्शिया हे एकाच आजाराचं नाव नाही, मेंदूचं काम ढासळायला लागतं त्या अवस्थेचं नाव आहे, आणि ती आणणारे आजार वेगवेगळे असतात. शंभरातल्या साठ ते सत्तर जणांना अल्झायमर असतो, काहींना मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब होऊन होतो, बीपी, शुगर, अर्धांगवायू वगैरेमुळे, काहींना दोन्ही मिळून. आणि हे नक्की लक्षात ठेवा की बी-१२ कमी असेल, थायरॉइड बिघडलं असेल, डिप्रेशन असेल, पडल्यावर डोक्यात रक्त साचलं असेल तरी माणूस असाच गोंधळल्यासारखा वागतो आणि यातलं बरंचसं उपचारांनी सुधारतं. त्यामुळे रक्ततपासणी आणि डोक्याचा स्कॅन झाल्याशिवाय शिक्का मारून घेऊ नका. आमच्याकडून लोक गोव्यातल्या बांबोळीला जातात नाहीतर कोल्हापूरला, दिवस मोडतो, पण तो मोडावाच.

आता अल्झायमरमध्ये होतं काय, तर मेंदूत हिप्पोकॅम्पस म्हणून एक भाग आहे, नवीन घडलेली गोष्ट नोंदवून घ्यायचं काम त्याचं. हा आजार बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो. मी घरात पोरांना समजावलं ते असं, की गाडीत माणसं चढतायत पण कंडक्टर तिकीटच फाडत नाहीये. माणूस बसला होता, प्रवास झाला, उतरला, पण नोंद कुठेच नाही. अण्णांनी सकाळी घावणे खाल्ले हे खरं, त्यांना ते आवडले हेही खरं, पण तिकीट फाटलेलं नाही. मग दुपारी "घावणे खाल्लेत ना सकाळी?" असं विचारलं की ते कुठे शोधणार? आणि १९८० सालच्या पावसात कुठल्या मोरीवर पाणी चढलं होतं ते मात्र धडाधड सांगतील, कारण ती जुनी तिकिटं फाडून ठेवलेली आहेत.

म्हणून पहिली गोष्ट. "त्यांना आठवलं पाहिजे" हे ध्येय ठेवायचं नाही. आम्ही सुरुवातीला तेच ठेवलं होतं. सकाळी उठल्या उठल्या आज वार कुठला, तारीख काय, नातवाचं नाव सांगा, मुंबईच्या दिरांनी मोबाईलवर मेंदूचे गेम टाकून दिले होते ते खेळा, रोज बदाम, रोज परीक्षा. अण्णा पहिल्यांदा हसायचे, मग चिडायला लागले, आणि एके दिवशी माझ्या मुलीचं नाव आठवेना तेव्हा पडवीत बसून डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "माका इचारू नकात गो." त्या दिवशी परीक्षा बंद. आमची भीती आम्ही त्यांच्याकडून घोकून घेत होतो, दुसरं काही नाही.

गोळ्यांचं पण सांगते. डोनेपेझिल, रिवास्टिग्मिन, मेमँटिन ही नावं तुमच्या चिठ्ठीवर दिसतील. या लक्षणं काही काळ थोडी आटोक्यात ठेवतात, काहींना फरक जाणवतो काहींना नाही, आजार मुळापासून काढत नाहीत. मनाने बंद करू नका, मनाने वाढवू पण नका, आणि चमत्काराची वाट बघू नका.

मग ध्येय कशाचं ठेवायचं? तर जे शिल्लक आहे त्याचं, आणि शिल्लक आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप असतं.

हाताची आठवण वेगळ्या जागी असते, ती उशिरापर्यंत टिकते. सायकल, पोहणं, विळीवर बसून खोबरं खवणं, झावळीचे हीर काढणं, हे मेंदूचे दुसरे भाग सांभाळतात. आमच्या काकींच्या आईला सून कोण ते कळत नाही, पण सुरंगीच्या फुलांचा वळेसर, म्हणजे गजरा, करायला दिला की बोटं आपोआप चालतात, दोरा कुठून घ्यायचा, देठ कसा अडकवायचा, एक फूल चुकत नाही. तसंच भावनेचं. २०१४ साली अमेरिकेत आयोवा विद्यापीठात अल्झायमरच्या रुग्णांवर एक प्रयोग झाला, त्यांना आधी दुःखी करणारी आणि नंतर आनंदी करणारी दृश्यं दाखवली, थोड्या वेळाने काय पाहिलं ते त्यांना जवळपास काहीच सांगता येईना, पण मनातलं दुःख आणि आनंद मात्र नंतरही तसाच टिकून होता. म्हणजे सकाळी तुम्ही ओरडलात तर ओरडणं विसरलं जाईल, छातीतली धडधड राहील. आणि सकाळी अर्धा तास शेजारी बसून वाल सोललेत तर वाल विसरले जातील, बरं वाटणं राहील. मला हे कळलं तेव्हा खरंच बळ आलं, कारण तोवर वाटायचं हे सगळं कुणासाठी करतोय, त्यांना तर आठवत पण नाही.

आता प्रत्यक्ष कसं ठरवायचं ते. एक वही घ्या. पहिल्या पानावर आजाराबद्दल काही लिहायचं नाही, माणसाबद्दल लिहायचं. पहाटे किती वाजता उठायची सवय, आंघोळ थंड पाण्याने की गरम, चहा कोरा की दुधाचा, कशाने रागवतात, कुठलं भजन, कुठला मासा, कुठल्या कामाचा अभिमान. आजार सुरुवातीच्या टप्प्यात असेल तर हे त्यांनाच विचारा, ते अजून सांगू शकतात, आणि ते गेल्यानंतरचं नाही, ते असतानाच पुढे काय हवंय काय नको तेही विचारा, सातबारा, बँक, नॉमिनी, मोठं आजारपण आलं तर हॉस्पिटलात किती दिवस, हे बोलायला जड जातं पण दोन वर्षांनी बोलताच येणार नाही. आमच्या सासूबाईंनी अण्णांना एका संध्याकाळी सरळ विचारलं, तुमका काय होया? तर ते म्हणाले, "माका खोलीत कोंडून ठेवू नकात." आमच्या वहीतलं पहिलं वाक्य तेच आहे, त्यांच्याच शब्दांत.

मग त्या पानाकडे बघत एक ध्येय निवडायचं, फार तर दोन. पाच नको. आणि त्याची वाक्यरचना अशी पाहिजे की संध्याकाळी वही उघडून झालं की नाही झालं हे सांगता आलं पाहिजे. "अण्णा आनंदी राहिले पाहिजेत" हे ध्येय नाही, ती इच्छा आहे. "दुपारच्या जेवणाआधी खळ्यात पाच फेऱ्या" हे ध्येय.

या फेऱ्यांची गोष्ट सांगतेच. चालणं चांगलं, झोप लागते, पोट साफ होतं, पाय बळकट राहिले तर पडणं कमी होतं हे सगळ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटांचा व्यायाम म्हणते, वयस्कांना तोल सांभाळायचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस. पण अण्णांना "चला चालूया" म्हटलं की "खंय?" एवढा एकच प्रश्न, आणि त्याला उत्तर नसायचं. उगाच गोल गोल कोण चालेल? मग एकदा माझ्या मुलीने खळ्याच्या कोपऱ्यात उभं राहून सहज हाक मारली, "कसाऽल, चला कसाल!" आणि अण्णा उठले. तेव्हापासून पहिली फेरी कसाल ते कट्टा, दुसरी कट्टा ते चौके, मग कुंभारमाठ, मग मालवण, आणि पाचवी गाडी वळवून डेपोत लावायची. चौक्याला खुर्ची ठेवलीय, तिथे बसून दम खातात, पाणी पितात, "पॅसेंजर उतारले काय?" विचारतात आणि निघतात. मधला थांबा मुलीने मुद्दाम चुकवला तर तिला थांबवून सांगतात की बाय, चौके इला नाय अजून. ज्या माणसाला वार सांगता येत नाही तो थांबे चुकत नाही. पावसात खळ्यात शेवाळ धरतं तेव्हा हीच गाडी पडवीतून जाते, रस्ता आखूड असतो एवढंच.

ध्येय मोजायची एक पद्धत मला फार उपयोगी वाटली. किरेसुक आणि शर्मन या दोन अमेरिकन लोकांनी १९६८ साली ती मानसिक आजारांच्या रुग्णांसाठी काढली होती, पुढे कॅनडातल्या केनेथ रॉकवुड यांच्यासारख्या डॉक्टरांनी डिमेन्शियात वापरली. कल्पना साधी आहे. सगळ्यांना एकच परीक्षा द्यायची नाही, ज्याचं त्याने ठरवायचं आणि त्याच्या पाच पायऱ्या आधीच लिहून ठेवायच्या. मधली पायरी शून्य, म्हणजे एवढं झालं तर आपण समाधानी. तिच्या वर दोन, खाली दोन.

आमचं उदाहरण घ्या. संध्याकाळ. दिवेलागणीला अण्णांची घालमेल सुरू व्हायची, वस्तीची गाडी काढायचीय, चावी खंय, आणि ते गडग्यापलीकडे रस्त्यावर जायचे. हे पुष्कळ रुग्णांना होतं, दिवसभराचा थकवा, कमी होणारा उजेड, शरीरातलं घड्याळ बिघडलेलं, पोटात भूक, शिवाय घरात त्याच वेळी सगळ्यांची गडबड. मोजलं तेव्हा आठवड्यातल्या पाच संध्याकाळी ते बाहेर पडत होते. ही झाली आमची खालची, उणे एकची पायरी. रोजच पडायला लागले तर उणे दोन. तीन संध्याकाळींवर आलं तर शून्य, म्हणजे ठरवलेलं जमलं. एकदोनवर आलं तर अधिक एक, आठवडाभर एकदाही नाही तर अधिक दोन. वहीत फक्त टिंब काढायचं. यामुळे झालं काय की आम्ही भांडायचं थांबलो. आधी ह्यांना वाटायचं काहीच फरक नाही, सासूबाईंना वाटायचं खूप बरे आहेत, मला वाटायचं बिघडत चाललंय, कारण ज्या दिवशी मी दमलेली असायचे त्या दिवशी सगळंच बिघडलेलं दिसायचं. टिंबं मोजली की खरं कळतं. डॉक्टरांनाही "कसे आहेत?" "बरे आहेत" याच्यापेक्षा ती वही दाखवलेली चालते, फार चालते.

आणि कमी कसं केलं? चार वाजता चहाबरोबर पोटभर काहीतरी, आंबोळी, उकडलेलं रताळं. दुपारची झोप अर्ध्या तासावर. साडेपाचला, अजून उजेड असतानाच, पडवीतले आणि माजघरातले दोन्ही दिवे लावायचे, अंधार पडायची वाट बघायची नाही, आणि पावसात लाईट जाते म्हणून चार्जिंगचा दिवा भरलेला ठेवायचा. पण सगळ्यात जास्त उपयोग झाला तो खुंटीचा. पूर्वी ते चावी मागायचे आणि आम्ही म्हणायचो अण्णानू, तुम्ही रिटायर झालात, गाडी नाही आता. रोज संध्याकाळी त्या माणसाला रोज नव्याने नोकरी गेल्याची बातमी. आता पडवीच्या खांबाला एक खुंटी आहे, तिला जुन्या कुलपाची एक चावी पितळी बिल्ल्यात अडकवून टांगलीय. "गाडी लावलंस?" "होय अण्णानू, लावली, चावी खुंटीर आसा." ते उठतात, चावीला बोट लावून बघतात, बिल्ला सरळ करतात आणि बसतात. काही जण म्हणतील हे खोटं बोलणं झालं. मी यावर खूप विचार केला. त्यांचा प्रश्न गाडीचा नसतो, माझी जबाबदारी पार पडली का हा असतो, आणि त्याचं खरं उत्तर होय असंच आहे, चांगली पार पडली. पहिल्या दोन महिन्यांत पाचावरून दोनावर आलो. गेल्या पावसात परत चारवर गेलं, तेही लिहिलंय.

खाण्यापिण्याचं ध्येय जवळजवळ प्रत्येक घरात लागतंच. तहान लागल्याचं कळत नाही, जेवलो की नाही लक्षात राहत नाही, ताट समोर असून दिसत नाही. शेवटचं ऐकून नवल वाटेल पण खरंच आहे, डोळे चांगले असले तरी मेंदूला रंगातला फरक कळायला त्रास होतो, पांढऱ्या ताटलीत पांढरा भात हरवून जातो, चकचकीत स्टीलच्या ताटात तर दिव्याचं प्रतिबिंबच दिसतं. आमच्याकडे हे एका सणाच्या दिवशी कळलं. रोज अर्धा भात टाकणाऱ्या अण्णांनी केळीच्या पानावर वाढलेलं सगळं संपवलं. हिरव्यावर पांढरा भात, बाजूला गुलाबी सोलकढी, सगळं वेगळं दिसतंय. परसात केळी आहेतच, तेव्हापासून रोज पानाचा तुकडा. याच कारणाने न्हाणीघरासमोरचं काळं पायपुसणं काढलं, ते त्यांना खड्डा वाटायचं आणि उडी मारायला बघायचे, आणि उंबरठ्यावर पिवळी पट्टी चिकटवली.

मासे बंद करू नका, माणूस जेवणाला पाठ फिरवतो. बांगड्याचे काटे आपण काढून द्यायचे किंवा मोरी (लहान शार्क मासा) करायची, तिला बारीक काटे नसतातच. पाण्याचं आम्ही सकाळी दीड लिटरची बाटली भरून ठेवतो, शिवाय पेज, ताक, कोकमचं सरबत, रात्रीपर्यंत बाटली संपायला हवी, मात्र हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर किती पाणी ते डॉक्टरांना विचारूनच. महिन्यातून एकदा वजन. महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के कमी झालं, म्हणजे साठ किलोच्या माणसाचं महिन्यात तीन किलो, तर डॉक्टरकडे न्यायचंच. पुढच्या टप्प्यात गिळायला त्रास होतो, जेवताना ठसका लागतो, पाण्यासारखं पातळ फुप्फुसात जाऊ शकतं आणि त्यातून न्यूमोनिया होतो, तेव्हा ताठ बसवून, घाई न करता, दाट पेज किंवा मऊ भात लहान चमच्याने, आणि किती दाट ते विचारून घ्यायचं.

एक ध्येय कुणी लिहीत नाही आणि ते सगळ्यात आधी लिहायला हवं, दुखणं ओळखणं. बोलता येत नाही म्हणजे दुखत नाही असं नाही. २००३ पासून डॉक्टर-नर्स मंडळी यासाठी पाच खुणा बघतात, श्वास कसा चाललाय, कण्हणं किंवा ओरडणं, चेहरा, अंग आखडलेलं की सैल, आणि जवळ घेऊन समजूत घातली तर शांत होतात का. आम्ही दोन आठवडे अण्णा आंघोळीला मारायला उठतात म्हणून हैराण झालो होतो, स्वभावच बदलला असं म्हणत होतो. दाढ किडली होती. चूळ भरली की कळ यायची. दाढ काढली, मारणं संपलं. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

आणि बदल एकदोन दिवसांत अचानक झाला असेल, काल ठीक होते आणि आज भलतंच बडबडतायत किंवा नुसते झोपूनच आहेत, तर तो डिमेन्शिया वाढला असं समजून थांबू नका. लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठ, अंगातलं पाणी कमी होणं, ताप, नवीन औषध, बहुतेकदा यातलं काहीतरी असतं, त्याच दिवशी डॉक्टर. पावसात तर आपल्याकडे लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) असतो, ताप अंगावर काढायचाच नाही. सर्दीच्या आणि झोपेच्या काही साध्या गोळ्यांनी पण यांचा गोंधळ प्रचंड वाढतो, दुकानातून मनाने आणून देऊ नका. कानातला मळ, मोतीबिंदू, चष्म्याचा नंबर, हे तपासून घ्या, ऐकू न आल्यामुळे उत्तर दिलं नाही तर तेही आपण आजाराच्या खात्यावर टाकतो.

ध्येय लहान होत जाणार हे आधीपासून मान्य करावं लागतं. पहिल्या वर्षी अण्णा एकटे दुकानापर्यंत जाऊन यायचे, खिशात नाव-फोनची चिठ्ठी, दुकानदाराला सांगून ठेवलेलं, ते ध्येय होतं. मग सोबतीने. मग खळ्यात पाच फेऱ्या, आता बहुतेक दिवशी दोनच होतात, गाडी चौक्याला थांबते आणि तिथूनच आम्ही परत आणतो. पुढे कधीतरी ध्येय असेल की पाठीला जखम होऊ नये, दर दोन तासांनी कूस बदलली जावी, तोंड ओलं राहावं, ओळखीचा आवाज कानावर पडावा. काकींना हे सांगताना माझा आवाज बसला, पण त्या म्हणाल्या सांग, माका आयकूक होया.

सांभाळणाऱ्याचं ध्येय त्याच वहीत, वेगळ्या पानावर. आमच्या सासूबाईंचं बीपी वर्षभर कुणी तपासलं नव्हतं, सगळ्यांचं लक्ष अण्णांकडे. आता त्यांचं ध्येय लिहिलेलं आहे, आठवड्यातून दोन संध्याकाळी देवळात भजनाला, कुणीही काहीही म्हणो. माझं आहे सहा तास सलग झोप, आठवड्यातून चार रात्री, बाकीच्या रात्री हे उठतात. मुंबईचे दीर दर महिन्याला पैसे पाठवतात ते आहेच, पण आम्ही त्यांच्याकडे दहा दिवस मागितले, मे महिन्यात येऊन ते दोघं दहा दिवस सगळं करतात, आंघोळीसकट, आणि त्यानंतर फोनवर सल्ले द्यायचे ते एकदम बंद झाले, आता विचारतात. गावात असं कुणी नसेल तर केंद्र सरकारची ज्येष्ठांसाठीची एल्डरलाईन १४५६७ आहे, आणि सांभाळणाऱ्याचंच मन खचलं असेल तर टेली-मानसचा १४४१६, दोन्ही फोन फुकट आहेत.

सध्या आमच्या डोक्यात आहेत गणपती. पंधरा दिवसांवर आलेत, घरात वीस-बावीस माणसं होतील, आणि प्रत्येक जण अण्णांच्या पुढ्यात जाऊन एकच करणार, "माका वळाखलास काय?" प्रेमाने विचारतात, पण ती परीक्षाच असते आणि अण्णांना कळतं की आपण नापास झालो. गेल्या वर्षी दुसऱ्या दिवशी त्यांनी उंबरठ्याबाहेर यायचंच सोडलं होतं. म्हणून यंदा ह्यांनी घरच्या ग्रुपवर आधीच लिहून टाकलंय की विचारायचं नाही, आपण होऊन सांगायचं, मी अमक्याचा मुलगा, तुमच्या गाडीतून शाळेत जायचो. दोघांनी एकाच वेळी बोलायचं नाही. फोटोसाठी ओढायचं नाही. आणि ज्याला खरंच काही करावंसं वाटतं त्याने सकाळी दहा वाजता खळ्यात येऊन पॅसेंजर व्हायचं.

खुर्ची यंदा मखरासमोर नाही, बाजूच्या दाराजवळ ठेवणार आहोत, झांजांचा आवाज झेपला नाही तर उठून मागच्या पडवीत जाता येईल, तिथे सासूबाईंनी त्यांची घोंगडी आत्ताच नेऊन ठेवलीय. वहीत या महिन्यासाठी एवढंच लिहिलंय: एक आरती, खुर्चीत बसून, टाळ हातात.